ड्रमवालं पेडल गिटारवाल्याला जमतं का? पैसे घालायच्या आधी एवढं वाचा

"दादा, ते पायानं चालवायचं ड्रम मशीन घेऊ का?" असं मागच्या काही महिन्यांत मला चार-पाच जणांनी विचारलं, एक लातूरचा, दोघं नांदेडचे, एकानं परभणीवरून फोन केला, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा म्हणलं एकदा बसून सगळं लिहून काढावं. यात हो किंवा नाही असं एका शब्दात सांगता येत नाही, आणि पैसेही काही थोडे नाहीत, चांगल्या पेडलच्या किमतीत एक चांगली अकूस्टिक गिटार येते.

आधी ते असतं काय ते बघू. पायाखाली ठेवायची धातूची डबी, डिस्टॉर्शनचं, म्हणजे गिटारीचा आवाज मुद्दाम फाडणारं, पेडल असतं तशीच. आत खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज भरलेले असतात, किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), हायहॅट आणि क्रॅश (झांजा) सगळे वेगवेगळे, आणि कोणता आवाज कधी आणि किती जोरात वाजवायचा हे आधीच लिहून ठेवलेलं असतं, त्याला पॅटर्न म्हणतात. बीटबडी नावाचं पेडल 2014 च्या सुमारास बाजारात आलं, सिंग्युलर साऊंड नावाच्या अमेरिकन कंपनीचं, ते एकदा दाबलं की सुरू होतं, वाजत असताना हलकं दाबलं की फिल मारतं, दाबून धरलं की गाण्याच्या पुढच्या भागात जातं आणि पटपट दोनदा दाबलं की शेवट करून थांबतं. बाकी कंपन्यांच्या पेडलमध्ये थोडाफार फरक असतो पण कल्पना हीच.

ज्यांनी तबला-पखवाज ऐकत दिवस काढलेत त्यांच्यासाठी सांगायचं तर पॅटर्न म्हणजे ठेका, बार म्हणजे आवर्तन, बारचा पहिला ठोका म्हणजे सम, आणि फिल म्हणजे तबलजी समेवर यायच्या आधी जो तुकडा मारतो तो. पुढच्या भागात जाणं म्हणजे मुखड्यावरून अंतऱ्यावर जाणं. एवढं डोक्यात बसलं की मशीनचं पुस्तक वाचायला लई सोपं जातं.

मशीन वाजवतंय आणि माणूस त्यावर गातोय ही गोष्ट तशी जुनी आहे. 1959 ला अमेरिकेत वुर्लिट्झर कंपनीचं साईड मॅन नावाचं कपाटाएवढं यंत्र आलं, त्यात एक फिरणारी चकती असायची आणि तिच्यावरून ठोके निघायचे. 1980 ला रॉजर लिनच्या एलएम-1 या ड्रम मशीननं खऱ्या ड्रमचे आवाज रेकॉर्ड करून मशीनमध्ये भरले, त्याच वर्षी रोलँडचं टीआर-808 आलं. 1990 मध्ये आलेलं अलेसिसचं एसआर-16 तर नंतर कितीतरी वर्षं लोकांनी घेतलं. पण ही सगळी बोटांनी चालवायची यंत्रं. आपल्या ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला बघा, यामाहावर स्टाईल, म्हणजे तयार ठेका, लावतो आणि मधेच एक बोट उचलून फिलचं बटण दाबतो, त्याला जमतं कारण त्याचं एखादं बोट रिकामं असतं. गिटारवाल्याचे दोन्ही हात अडकलेले, एक कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणारे सूर दाबायला, आणि एक तारांवर. रिकामा असतो तो पाय. पेडलनं नवं काय केलं असेल तर एवढंच केलं, ड्रम मशीन हातातून काढून पायाकडं दिलं.

आता मुद्द्याचं.

माझे मामा सप्त्यात पखवाज वाजवतात, तीस-पस्तीस वर्षं झाली असतील. मी पेडल आणलं त्या आठवड्यात ते घरी आले होते, मी लावून दाखवलं, दोन गाणी वाजवली, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणले, "आवाज चांगलाय रे, पण हे तुझ्याकडं बघतच नाही की." मी म्हणलं मामा मशीन आहे ते, बघणार कसं. ते म्हणले, "तेच म्हणायलो मी. बुवांनी मान वर केली की मला कळतं आता लय वाढवायची, टाळकरी पुढं सरकले की कळतं. ह्याला कोण सांगणार?"

त्या दिवसापासून कुणीही विचारलं की मी पहिल्यांदा हेच सांगतो. ड्रमर तुमचं ऐकतो, पेडल तुमचं ऐकत नाही, तुम्हाला त्याचं ऐकावं लागतं. तुम्ही अंतऱ्यात जरा घाई केली तर ड्रमर तुमच्यासोबत येतो आणि ऐकणाऱ्याला काही कळत नाही, पेडल मात्र आपल्या जागेवर ठाम राहतं आणि तुम्ही पुढं निघून गेलेले सगळ्यांना ऐकू येतं. अभंग सावकाश सुरू करून गजरापर्यंत चढत नेण्याची आपली जी पद्धत आहे ती पेडलवर सहज होत नाही, टेम्पोचं, म्हणजे लयीचं, बटण हातानं फिरवावं लागतं किंवा वेगळा फूटस्विच लावून टॅप करावा लागतो, आणि केलं तरी ती चढण पायऱ्यापायऱ्यांनी होते. ज्या गाण्याची लय पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच असते तिथं पेडल खरंच चांगली साथ देतं, आणि फिल्मी गाणी, पॉप, रॉक यातली बहुतेक तशीच असतात.

मग सवय लावायची कशाची? पाय वेळेवर पडायची. हा भाग लोक विचारातच घेत नाहीत. 120 बीपीएम म्हणजे मिनिटाला 120 ठोके, म्हणजे एक ठोका अर्ध्या सेकंदाचा आणि चार ठोक्यांचा बार 2 सेकंदांचा. मुखडा संपत आलाय, तुम्ही गाताय, कॉर्ड बदलायचीय, आणि त्याच 2 सेकंदांत पाय उचलून बरोबर जागी दाबायचाय. बार संपल्यावर दाबलं तर फिल पुढच्या बारला जातो आणि अंतऱ्याचा पहिला शब्द फिलखाली दबतो. म्हणून शेवटच्या बारच्या पहिल्या किंवा दुसऱ्या ठोक्याला दाबायचं ठरवून घ्या आणि आधी गिटार न घेता नुसतं उभं राहून, गाणं तोंडानं म्हणत, पायानं दाबून बघा. मी आठवडाभर असंच केलं. बसून वाजवणाऱ्याला टाचेवर पाय टेकवून नुसता चवडा खाली आणता येतो, ते सोपं जातं, उभं राहून करायचं तर एका पायावर तोल सांभाळावा लागतो आणि त्याच वेळी स्ट्रमिंग, म्हणजे तारांवरचा हात, डगमगतं. स्लो गाण्यात, समजा 80 बीपीएम, बार 3 सेकंदांचा होतो, तिथून सुरुवात करा.

आता आपल्या गाण्यांचा प्रश्न, आणि मला यात सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण परदेशी व्हिडिओ बघून पेडल घेणाऱ्याला ही अडचण घरी आल्यावर कळते. आपली अर्ध्याहून जास्त गाणी केरवा नाहीतर दादऱ्यात असतात. केरवा 8 मात्रांचा, पेडलमधला साधा 4/4 चा पॅटर्न चार ठोक्यांचा, ठोक्याचे दोन भाग केले की तेही आठच, मग बसायला पाहिजे ना? बसतं, पण ऐकायला ओढून-ताणून वाटतं, आणि ते का हे मला बरेच दिवस कळत नव्हतं.

केरव्याचे बोल म्हणून बघा. धा गे ना ती, न क धी ना. डग्ग्याचा घुमणारा आवाज पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला येतो. पाचव्या मात्रेला 'खाली', म्हणजे ठेक्यातली मोकळी जागा, असते, तिथं डग्गा गप्प असतो आणि त्या गप्प बसण्यानंच ठेक्याला तो झोका येतो. साध्या रॉक पॅटर्नमध्ये किक पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्याला पडते. तिसरा ठोका म्हणजे आठमधली कितवी मात्रा? पाचवी. म्हणजे जिथं आपल्या कानाला रिकामी जागा पाहिजे बरोबर तिथंच मशीन किक हाणतंय. शिवाय दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला स्नेअर सटकन पडतो, तो भाग वेगळाच. म्हणून गाणं सूर-शब्द सगळं बरोबर असूनही परकं वाटतं.

यावर उपाय आहे. ज्या पॅटर्नमध्ये तिसऱ्या ठोक्याला किक नाही असा पॅटर्न शोधायचा, लॅटिन किंवा वर्ल्ड असं नाव असलेल्या विभागात असे सापडतात, आणि ड्रम किट बदलून ब्रश किंवा परकशनचं घ्यायचं म्हणजे स्नेअर बोचत नाही. दुसरा उपाय जरा कष्टाचा, बीटबडीसारख्या पेडलमध्ये कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर वापरून स्वतःची मिडी फाईल (कोणता ठोका कधी वाजवायचा ते लिहिलेली फाईल) आणि स्वतःचे आवाज घालता येतात, म्हणजे तबल्याचे बोल रेकॉर्ड करून तुम्ही केरवाच भरू शकता. सगळ्या पेडलमध्ये ही सोय नसते, त्यामुळं भजन, भावगीत, जुनी हिंदी गाणी हा तुमचा माल असेल तर घेण्याआधी पहिलं हेच विचारा, की यात बाहेरून पॅटर्न टाकता येतो का. दादऱ्याला 3/4 चा वॉल्ट्झ लावू नका, त्यात दर तीन ठोक्यांना सम आल्यासारखं वाटतं आणि सहा मात्रांचं वर्तुळ तुटतं, 6/8 चा पॅटर्न घ्या. रूपक सात मात्रांचा, त्याला 7/4 किंवा 7/8 लागतो, असतो काही पेडलमध्ये पण एखाद-दुसराच. आणि संबळाचा तो गोंधळातला झुलता ठेका किंवा हलगीची कडकड, ती मला तयार पॅटर्नमध्ये कुठंच मिळाली नाही, त्याची आशा धरू नका.

आवाजाचं बोलू. नव्वद टक्के पोरं काय करतात तर गिटार पेडलमध्ये, पेडल गिटारच्या ॲम्पमध्ये, संपलं. मग म्हणतात ड्रम डब्यात वाजवल्यासारखा येतोय. येणारच. गिटारच्या ॲम्पचा स्पीकर गिटारीसाठी बनवलेला असतो, गिटारीची सगळ्यात जाड तार साधारण 82 हर्ट्झला वाजते आणि 5 हजार हर्ट्झच्या वर तो स्पीकर जवळजवळ काहीच देत नाही. किकचा दणका 82 च्याही खाली जातो, झांजेची चमक 5 हजाराच्या बरीच वर असते. दोन्ही टोकं कापली गेली की उरतो तो मधला खोकला. ड्रमचा आवाज सरळ मिक्सरला द्या, नाहीतर फुल रेंज स्पीकरला. बरेच पेडल दोन आउटपुट देतात. आणि एकाच लाईनमध्ये लावायचंच असेल तर डिस्टॉर्शन, डिले, रिव्हर्ब (आवाज फाडणारी, घुमवणारी पेडलं) सगळ्यांच्या नंतर शेवटी लावा, कारण डिस्टॉर्शनच्या आधी लावलं तर ड्रमसुद्धा फाटतो आणि नुसता कचरा ऐकू येतो.

मंडपात वाजवणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट. आवाज सेकंदाला साधारण 340-350 मीटर जातो. साऊंडवाल्यानं मोठे स्पीकर तुमच्यापासून 10 मीटर लांब लावले आणि तुमच्याजवळ मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःला ऐकायचा स्पीकर, नसला तर ड्रम तुमच्या कानावर जवळपास 30 मिलिसेकंद उशिरा येतो. हातातली गिटार मात्र तुम्हाला लगेच ऐकू येते. आकडा छोटा दिसतो पण वाजवताना सारखं काहीतरी चिकटल्यासारखं, ओढल्यासारखं होतं, आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. साऊंडवाल्या भाऊला सांगा की एक छोटा मॉनिटर पायाशी दे आणि त्यात ड्रम जास्त दे, किंवा सरळ इयरफोन लावा. बाहेरच्या स्पीकरमध्ये मात्र ड्रम गिटारीपेक्षा किंचित खाली ठेवा, एकटा माणूस स्टेजवर आणि ड्रम छातीत धडधडतोय हे ऐकायला बरं वाटत नाही.

लाईटचं आपल्याकडं वेगळं सांगायला नको. साधं ओव्हरड्राईव्ह पेडल (हलकं डिस्टॉर्शन देणारं) 9 व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर महिनोन्‌महिने चालतं, ड्रमचं पेडल आतून छोटा कॉम्प्युटरच असतो आणि त्याला बऱ्याचदा 300 ते 500 मिलिॲम्पिअर लागतात. ती बॅटरी त्याला तासभरसुद्धा पुरणार नाही, म्हणून ॲडॅप्टर आलाच. एका रिसेप्शनला ऐन गाण्यात लाईट गेली, जनरेटर चालू व्हायला पंधरा-वीस सेकंद लागली, आणि त्यानंतर पेडल पुन्हा सुरू होऊन गाणी लोड करेपर्यंत आणखी वेळ गेला, मी तेवढ्यात नुसती अकूस्टिक वाजवत राहिलो आणि लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला म्हणून निभावलं. तेव्हापासून मी 9 व्होल्ट देणारी टाईप-सी पॉवरबँक आणि तिची खास केबल सोबत ठेवतो. एक धोका सांगून ठेवतो, गिटार पेडलच्या पिनमध्ये सहसा मधला भाग निगेटिव्ह असतो, यामाहा कीबोर्डचा ॲडॅप्टर 12 व्होल्टचा आणि बरोबर उलटा असतो. पिन बसते म्हणून घालू नका, डबी जळू शकते.

पेडलऐवजी दुसरं काय घेता येईल हाही प्रश्न येतोच. ज्यांना आपलीच गिटार रेकॉर्ड करून तिच्यावर सोलो वाजवायचाय त्यांनी आतच ड्रम असलेला लूपर (वाजवलेलं रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा वाजवणारं पेडल) बघावा, बॉस कंपनीचे आरसी-5 आणि आरसी-10आर तसेच आहेत. वेगळा लूपर आणि वेगळं ड्रम पेडल घेतलं तर दोघांना मिडीच्या केबलनं जोडावंच लागतं, नाहीतर काय होतं ते हिशोबानं बघा. 8 सेकंदांचा लूप केला आणि बंद करताना पाय 20 मिलिसेकंद उशिरा पडला, जे कुणाचंही होतं. आता प्रत्येक फेरीला लूप ड्रमपेक्षा 20 मिलिसेकंद मागं पडतो. 2 मिनिटांत 15 फेऱ्या होतात, म्हणजे 300 मिलिसेकंद, 120 बीपीएमला अर्ध्या ठोक्यापेक्षा जास्त. गाणं मोडलं. मिडीचा क्लॉक प्रत्येक ठोक्याला 24 खुणा पाठवतो आणि लूपर त्याप्रमाणं स्वतःला बांधून घेतो, मग हा प्रश्नच येत नाही. डिजिटेकचं ट्रिओ नावाचं पेडल आणखी वेगळं, तुम्ही एकदा कॉर्ड वाजवून दाखवायच्या आणि ते त्यावरून ड्रमसोबत बेससुद्धा वाजवतं. घरी एकट्यानं वाजवणाऱ्याला त्यात फार आनंद मिळतो, पण ते शिकतं ते सुरुवातीलाच, नंतर तुम्ही वाट बदलली तर ते बदलत नाही.

रियाजासाठी मात्र पेडलबद्दल माझं मत एकदम पक्कं आहे, ज्याच्या कॉर्ड बऱ्यापैकी बसल्यात त्या प्रत्येकाला ठोक्यासोबत वाजवायची सवय पाहिजेच. तबला शिकवणाऱ्या गुरुजींच्या घरी राडेल कंपनीची तालमाला, म्हणजे तबल्याचे ठेके वाजवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, कितीतरी वर्षांपासून वाजत आलीय, गायक तिच्यावरच तयार झाले, गिटारवाल्यांनीच तेवढं ते मनावर घेतलं नाही. मी पेडल लावून स्वतःला मोबाईलवर रेकॉर्ड केलं तेव्हा मला कळलं की जी कॉर्ड अवघड आहे तिच्या आधी मी पळतो, एफ मेजर ही कॉर्ड आली की दरवेळी पुढं. इतकी वर्षं वाजवून हे कुणी सांगितलं नव्हतं. पण त्यासाठी महागडी डबी लागत नाही. मोबाईलवर ड्रमचं किंवा तबल्याचं ॲप घ्या, बारक्या ब्लूटूथ स्पीकरला जोडू नका कारण ब्लूटूथला स्वतःचा उशीर असतो, वायर लावा, 70 बीपीएमला ठेवा आणि रोज वीस मिनिटं याप्रमाणं दोन महिने करा. नुसत्या ठोक्यावर एक अख्खं गाणं न अडखळता, न पळता गेलं, आणि हात म्हणायला लागला की आता मला मधेच भाग बदलायचाय, मुखड्याला जोर पाहिजे, अंतऱ्याला हलकं पाहिजे, तेव्हा तुमची पेडलची गरज खरी आहे. ज्याच्या अजून कॉर्ड बदलताना तारा खडखडतात त्यानं हे पैसे सध्या ठेवून द्यावेत, आणि ज्याच्या बँडमध्ये ड्रमर आहे किंवा ऑक्टापॅडवाला आहे त्यानंही.

संभाजीनगरला कॅफे-हॉटेलात एकटं गाणारे, लग्नात दोन तास एकट्यानं सांभाळणारे, घरी गाणी रचून रेकॉर्ड करणारे, यांना मी मनापासून सांगतो घ्या. फक्त दुकानात हातात घेऊन बघा, आपल्याकडं सगळी मॉडेल ठेवणारं दुकान मिळणं अवघड, पुण्याला नाहीतर हैदराबादला जाणं होणार असेल तेव्हा स्वतःची गिटार आणि स्वतःच्या तीन गाण्यांचे बीपीएम लिहून सोबत न्या, दुकानदार वाजवून दाखवेल ते नको, स्वतःच्या गाण्यावर बघा, त्यातलं एक गाणं केरव्याचं असू द्या.

मी आता हॉटेलातल्या कार्यक्रमाला पेडल नेतोच, तीस गाण्यांची यादी, प्रत्येकाचा बीपीएम ठरलेला. गावाकडं सप्ता असला आणि मामा पखवाज घेऊन बसले की पेडल पिशवीतून काढत नाही, मी मामांच्या अगदी समोर बसतो, त्यांचा उजवा हात दिसेल असा.